कर्मिट कुणाचा?

१७ फेब्रुवारी २००४ रोजी डिस्ने कंपनीने जाहीर केलं, की जिम हेन्सनच्या मपेट बाहुल्या आता डिस्नेच्या मालकीच्या होणार. मुहूर्त मोठा विचित्र होता. सहाच दिवसांपूर्वी कॉमकास्ट या केबल कंपनीने सबंध डिस्नेच विकत घेण्याची तयारी दाखवली होती, तीही सुमारे ५,४०० कोटी डॉलरला. वॉल्ट डिस्नेचा पुतण्या रॉय डिस्ने हा अध्यक्ष मायकेल आयस्नरला घालवण्यासाठी भागधारकांची फळी बांधत होता, आणि पुढच्या दोन आठवड्यांत फिलाडेल्फियातल्या वार्षिक सभेत ४३ टक्के मतांनी आयस्नरला पाठिंबा नाकारला. या धामधुमीत हिरवा बेडूक कर्मिट, मिजासखोर डुकरीण मिस पिगी, फसलेले विनोद करणारं अस्वल फॉझी आणि नाकाड्या गॉन्झो यांची खरेदी झाली. किंमत सुमारे साडेसात कोटी डॉलर. शेअर बाजाराच्या हिशेबात ही चिल्लर होती.

चाहत्यांसाठी मात्र हा घरातला प्रश्न होता आणि घरात सरळ दोन तट पडले. एका तटाला हायसं वाटलं. चार वर्षं या बाहुल्या मालक बदलत भटकत होत्या. आता मोठी कंपनी मिळाली, म्हणजे पैसा येईल, चित्रपट निघतील, डिस्नेच्या मनोरंजन बागांमध्ये हक्काची जागा मिळेल. दुसरा तट धास्तावला. डिस्नेने नुकताच, जानेवारी २००४ मध्ये, फ्लोरिडातला हाताने काढलेल्या ॲनिमेशनचा स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. जुन्या अभिजात चित्रपटांचे स्वस्तातले पुढचे भाग थेट व्हिडिओवर काढण्याचा सपाटा सुरू होता. विनी द पूह हे अस्वल पुस्तकापेक्षा लहान मुलांच्या पायजम्यांवर जास्त दिसत होतं. उद्या कर्मिटचंही तेच होणार, ही भीती काही हवेतली नव्हती.

पुढच्या वीस वर्षांत झालं ते वेगळंच. चाहते धास्तावले होते कर्मिटच्या अतिवापराला. प्रत्यक्षात तो बराच काळ कपाटात पडून राहिला. ते कळायला आधी हे पाहायला हवं, की या बाहुल्या मुळात कुणाच्या होत्या आणि कशा.

१९५५ साली वॉशिंग्टनच्या डब्ल्यूआरसी वाहिनीवर ‘सॅम अँड फ्रेंड्स’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. करणारा जिम हेन्सन जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता, मेरीलँड विद्यापीठात नुकताच दाखल झालेला. आईचा टाकून दिलेला निळसर-हिरवा कोट फाडून त्याने एक बाहुली शिवली आणि डोळ्यांसाठी पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून लावला. हाच पहिला कर्मिट. तेव्हा तो धड बेडूकही नव्हता, सरड्यासारखा काहीतरी प्राणी होता. बेडूकपण त्याला पुढे लाभलं. मूळ बाहुली आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. हेन्सनची पत्नी आणि सुरुवातीची सहकारी जेन हिने ती २०१० मध्ये दिली.

पोट भरलं ते जाहिरातींवर. विल्किन्स कॉफीच्या काही सेकंदांच्या जाहिरातीत एक बाहुली कॉफी प्यायला नाही म्हणायची आणि दुसरी तिला तोफेने उडवायची. या धंद्यातून हेन्सन एक गोष्ट लवकर शिकला: बाहुली आपल्याच नावावर राहिली पाहिजे. रोल्फ हा कुत्रा १९६२ साली कुत्र्यांच्या खाद्याच्या जाहिरातीसाठी तयार झाला आणि पुढे जिमी डीन या गायकाच्या कार्यक्रमात झळकला. डीनने नंतर सांगितलं, की हेन्सनने त्याला कंपनीत ४० टक्के भागीदारी देऊ केली होती. आपण त्यासाठी काही केलं नाही म्हणून त्याने ती घेतली नाही. १९६९ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हाही तोच शिरस्ता राहिला. बिग बर्ड, अर्नी, बर्ट, कुकी मॉन्स्टर या पात्रांची मालकी हेन्सनकडे आणि खेळण्यांचं उत्पन्न कार्यक्रम करणाऱ्या संस्थेबरोबर वाटून, असा करार झाला.

मुलांच्या कार्यक्रमाचा शिक्का मात्र त्याला नको होता. मोठ्यांसाठी संध्याकाळचा कार्यक्रम करायचा होता आणि अमेरिकेतल्या बड्या नेटवर्कना बाहुल्या बघायला मोठी माणसं बसतील हे पटत नव्हतं. शेवटी पैसा ब्रिटनमधून आला. लू ग्रेड या निर्मात्याने लंडनजवळच्या बोरहमवुडमधला एल्स्ट्री स्टुडिओ दिला आणि १९७६ ते १९८१ या काळात ‘द मपेट शो’चे १२० भाग तिथे तयार झाले. सुरुवातीला पाहुणे मिळवताना नाकी नऊ येत. बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह डुकरिणीच्या वेशातल्या जोडीदारणीबरोबर नाचायला तयार झाला आणि चित्र पालटलं; मग नामवंतांची रांग लागली. कार्यक्रम शंभराहून अधिक देशांत पोचला.

मपेट बाहुली चालते कशी, हे एकदा नीट पाहिलं की चाहत्यांचा हट्ट समजतो. सेट जमिनीपासून उंच बांधलेला असतो आणि कलाकार त्याच्याखाली, हात डोक्यावर ताणून उभा. पंजा बाहुलीच्या डोक्यात: चार बोटं वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या. दुसऱ्या हातात बाहुलीच्या मनगटांना जोडलेल्या बारीक काड्या. समोर छोटा मॉनिटर, त्यात कॅमेऱ्याला दिसतं तेच दिसतं; आरशासारखी उलटापालट नाही, त्यामुळे डावं-उजवं अंगवळणी पडायलाच कित्येक महिने जातात. आवाजही तोच माणूस त्याच क्षणी देतो. कर्मिटच्या डोक्यात कडक साचा नाही, जवळजवळ नुसतं कापड. मूठ किंचित आवळली की सगळा चेहरा आक्रसतो, अंगठा मागे ओढला की तोंड कडू होतं. कर्मिटचा वैताग म्हणून जगाने जो पाहिला, तो जिम हेन्सनच्या उजव्या हाताच्या बोटांत होता. मिस पिगी आणि फॉझी त्याचा सहकारी फ्रँक ऑझच्या हातात होते. आज या बाहुल्या दुसऱ्याच्या हातात देता येतात, पण तो दुसरा कोण, हे चाहत्याला पहिल्या वाक्यात ओळखू येतं.

मराठी प्रेक्षकाला हे नातं परकं नाही. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव त्यांच्या पश्चात रामदास पाध्ये यांच्या हातात आला आणि पुढे सत्यजित पाध्ये यांच्याही. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू आणि लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा हेही रामदास पाध्ये यांच्याच कारखान्यातले. अर्धवटरावाची पिढी बदलली ती बापलेकांच्या तालमीत. हेन्सनच्या बाहुल्यांचा पसारा मात्र एका घरात मावण्यापलीकडे गेला होता.

मुळात डिस्नेला विकण्याचा विचार खुद्द हेन्सनचाच. १९८० च्या दशकाअखेर कंपनी सांभाळण्याचा त्याला कंटाळा आला होता. हिशेब, परवाने, पगार यांतून सुटून पुन्हा काम करायचं होतं. वॉल्ट डिस्नेबद्दल लहानपणापासून आदर होता आणि आपल्यानंतर पात्रं टिकवायची तर टिकवण्याची सवय असलेली कंपनी हवी, हा हिशेबही होता. २८ ऑगस्ट १९८९ रोजी फ्लोरिडाच्या डिस्ने-एमजीएम स्टुडिओत आयस्नर आणि हेन्सन यांनी विलीनीकरण जाहीर केलं. रक्कम १५ कोटी डॉलरच्या घरातली सांगितली गेली. सेसमी स्ट्रीटची पात्रं या व्यवहारात येणार नाहीत, यावर हेन्सन ठाम होता. चाहत्यांना या करारात एक मोठा दिलासा होता: बाहुल्यांबरोबर त्यांचा माणूसही डिस्नेत जाणार होता.

६ मे १९९० ला मपेट मंडळी डिस्नेच्या बागेत धुडगूस घालतात असा खास कार्यक्रम टीव्हीवर झाला आणि शेवटी कर्मिटची मिकी माऊसशी गाठ पडली. दहाच दिवसांनी, १६ मे रोजी, न्यूयॉर्कच्या रुग्णालयात हेन्सन वारला. वय ५३. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या संसर्गाने दोन-तीन दिवसांत सगळं संपलं. २१ मे रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये श्रद्धांजली सभा झाली. काळे कपडे कुणी घालू नयेत, ही त्याचीच इच्छा. आलेल्यांच्या हातात काडीवर डुलणारी फोमची रंगीत फुलपाखरं दिली होती, जॅझचा बँड वाजला आणि बिग बर्ड वेदीसमोर उभा राहून कर्मिटचं गाणं गायला. नोव्हेंबरात सीबीएसवर झालेल्या स्मृतिकार्यक्रमात मपेट पात्रांना पत्रांचा ढीग सापडतो आणि ती वाचता वाचता त्यांना जिम गेल्याचं कळतं, असा प्रसंग होता. कार्यक्रमाच्या शेवटी कर्मिट बोलला तो स्टीव्ह व्हिटमायर या दुसऱ्या कलाकाराच्या आवाजात.

व्यवहार मात्र तुटला. हेन्सनशिवाय या बाहुल्यांचं मोल किती, यावर वारस आणि डिस्ने यांचं जमेना आणि डिसेंबर १९९० मध्ये बोलणी संपली. एप्रिल १९९१ मध्ये हेन्सन कुटुंबाने डिस्नेला कोर्टात खेचलं: करार नसताना आमची पात्रं बागेत आणि मालावर वापरता कशी? महिना संपायच्या आत तडजोड झाली आणि हेन्सनने दिग्दर्शित केलेला ‘मपेट व्हिजन थ्री-डी’ हा बागेतला त्रिमित चित्रपट परवान्यासह सुरू झाला. दिवस निवडला १६ मे १९९१.

नंतरचं दशक मुलगा ब्रायन हेन्सनने निभावलं. ‘द मपेट ख्रिसमस कॅरल’ (१९९२) आज चाहत्यांच्या लाडक्या चित्रपटांपैकी एक आहे आणि तो लोकांपर्यंत पोचवला डिस्नेनेच. मग फेब्रुवारी २००० मध्ये म्युनिकच्या ईएम.टीव्ही या कंपनीने सगळा हेन्सन उद्योग ६८ कोटी डॉलरला उचलला. थॉमस हाफाची ही कंपनी जर्मनीच्या ‘नॉयर मार्क्ट’ या नव्या शेअर बाजारात भडकलेल्या भावांवर स्वार होती. त्याच वर्षी तिने फॉर्म्युला वन शर्यतींच्या उद्योगातही मोठा हिस्सा घेतला. वर्ष सरेपर्यंत भाव कोसळले. पैशांची निकड लागल्याने ईएम.टीव्हीने सेसमीची पात्रं तो कार्यक्रम करणाऱ्या सेसमी वर्कशॉप या संस्थेला विकली. बिग बर्ड आणि कर्मिट कागदोपत्री विभक्त झाले ते तेव्हा.

कंपनी अशी अधांतरी असताना, डिसेंबर २००१ मध्ये, सांता मोनिकात ‘मपेटफेस्ट’ भरलं. एरवी एकेकटे व्हीसीआरवर जुने भाग उतरवून ठेवणारे शेकडो चाहते एका छताखाली जमले. बाहुल्या शिवणारे, लिहिणारे आणि चालवणारे त्यांच्यासमोर बसून बोलले. साधारण त्याच सुमारास ऑझने बाहुल्या खाली ठेवल्या आणि मिस पिगी व फॉझी एरिक जेकबसनकडे गेले. बाहुलीत हात कुणाचा, हे नावानिशी जाणणारा वर्ग या काळात घट्ट झाला. पुढे २००५ च्या अखेरीस ‘मपेट विकी’ हा कोश सुरू झाला आणि कुठल्या भागात कुठली बाहुली कुणी चालवली याची नोंद चाहते स्वतःच ठेवू लागले.

२००३ मध्ये हेन्सन भावंडांनी कंपनी परत घेतली, दहा कोटी डॉलरच्याही आत. पुढच्याच वर्षी त्यांनी मपेट डिस्नेला विकले. जगाला हे अचानक वाटलं तरी वडिलांनी १९८९ मध्ये मनाशी योजलेलं मुलांनी पार पाडलं होतं, फक्त अर्ध्या भावात.

या विक्रीने घराच्या वाटण्या पक्क्या झाल्या. कर्मिट, पिगी, फॉझी, गॉन्झो आणि ‘द मपेट शो’ डिस्नेकडे. बिग बर्ड, एल्मो सेसमी वर्कशॉपकडे. ‘फ्रॅगल रॉक’, ‘द डार्क क्रिस्टल’, ‘लॅबिरिंथ’ आणि बाहुल्या बनवणारी कार्यशाळा हेन्सन कंपनीकडे. चित्रपटांतही फाटाफूट झाली. ‘द मपेट्स टेक मॅनहॅटन’चे हक्क सोनीकडेच राहिले. १९८७ च्या ‘अ मपेट फॅमिली ख्रिसमस’मध्ये मपेट, सेसमीची मंडळी आणि फ्रॅगल असे तिन्ही कुळांतले एकाच बर्फाळ घरात नाताळ साजरा करतात. त्यांना आज पुन्हा एकत्र आणायचं तर तीन कंपन्यांच्या वकिलांना एका टेबलावर बसवावं लागेल. सेसमी स्ट्रीटवर वर्षानुवर्षं कोट-टोपी घालून बातमीदारी करणारा कर्मिट त्या गल्लीत आता क्वचितच फिरकतो.

विक्रीनंतर पहिला मोठा प्रयोग २००५ चा ‘द मपेट्स विझर्ड ऑफ ओझ’. तो फिका पडला आणि बराच काळ शांतता पसरली. आयस्नर पायउतार झाला होता, बॉब आयगर आला होता; त्याने २००६ मध्ये पिक्सार आणि २००९ मध्ये मार्व्हल घेतलं. एवढ्या थोर पाहुण्यांच्या गर्दीत साडेसात कोटींच्या बेडकाकडे कोण बघणार? जुन्या कार्यक्रमाचे डीव्हीडी संच २००५, २००७ आणि २००८ मध्ये निघाले, तिसऱ्या पर्वापर्यंत. चौथं आणि पाचवं पर्व कधी आलंच नाही. प्रत्येक भागात गाणी, प्रत्येक गाण्याचे हक्क वेगळे आणि ते सोडवण्याचा खर्च विक्रीतून निघेलच अशी खात्री नाही. तेरा वर्षं चाहत्यांच्या फळीवर तीनच संच राहिले. पाचही पर्वं फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्ने प्लसवर आली तेव्हा कुठली गाणी कापली आणि कुठले दोन भाग गाळले, याची यादी लोकांनी तत्काळ तयार केली.

मधल्या शांततेत दार ठोठावलं ते एका चाहत्यानेच. अभिनेता जेसन सीगलने २००८ च्या एका विनोदी चित्रपटासाठी हेन्सनच्या कार्यशाळेकडून बाहुल्या बनवून घेतल्या होत्या. त्याच नादात त्याने डिस्नेकडे मपेट चित्रपटाची कल्पना मांडली. २०११ च्या ‘द मपेट्स’चं कथानक गमतीदार आहे. मपेट विस्मरणात गेलेत, त्यांचं जुनं थिएटर एक तेलसम्राट गिळायला निघालाय, करारातल्या बारीक अक्षरांत नावही जाणार आहे आणि त्यांना सावरायला येतो त्यांचा सगळ्यात मोठा चाहता वॉल्टर. बड्या धनिकापासून बाहुल्या वाचवण्याची ही गोष्ट डिस्नेच्याच पैशाने पडद्यावर आली! चित्रपट चालला, ब्रेट मॅकेन्झीला त्यातल्या गाण्यासाठी ऑस्कर मिळालं. फ्रँक ऑझला मात्र पटकथा आवडली नाही. ही पात्रं अशी वागणार नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं आणि तो त्यात उतरला नाही. चाहत्यांतली फूट आता खुद्द घरच्यांतही दिसू लागली.

पुढचं पाऊल पुन्हा अडखळलं. २०१४ चा चित्रपट मागे पडला. २०१५ ची एबीसीवरची मालिका सोळा भागांत गुंडाळली. जुलै २०१७ मध्ये बातमी फुटली, की सुमारे २६ वर्षं कर्मिट चालवणाऱ्या व्हिटमायरला आदल्या ऑक्टोबरातच काढून टाकलंय. डिस्नेने कारण दिलं त्याच्या कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचं. व्हिटमायरचं म्हणणं, की पात्राच्या स्वभावासाठी आपण भांडलो ते खुपलं. हेन्सन भावंडं डिस्नेच्या बाजूने उभी राहिली. चाहत्यांची कोंडी झाली: कुटुंबावर विश्वास ठेवायचा की ज्याच्या हातात अर्धं आयुष्य कर्मिट पाहिला त्याच्यावर? कर्मिट मॅट व्होगल या कलाकाराकडे गेला आणि त्याचा आवाज जुळतो का, यावर वादाच्या फैरी झडल्या.

सगळ्यात मोठी चुटपूट लावली ती मात्र ‘मपेट व्हिजन’ने. फ्लोरिडातल्या त्या थिएटरच्या दारात सुरक्षारक्षकाच्या खिडकीवर पाटी असे, ‘पाच मिनिटांत येतो, किल्ली पायपुसण्याखाली आहे’, आणि पायपुसणं उचललं की खाली खरंच किल्ली असे. कोपऱ्याकोपऱ्यात असे विनोद दडवलेले होते आणि आत बाल्कनीत स्टॅटलर व वॉल्डॉर्फ हे दोन कुरकुरे म्हातारे बसून चित्रपटाला नावं ठेवत. ‘मॉन्स्टर्स, इंक.’वर आधारलेल्या नव्या विभागासाठी ती जागा हवी, असं डिस्नेने २०२४ मध्ये सांगितलं. जून २०२५ मध्ये, चौतीस वर्षांनी, पडदा पडला. शेवटच्या दिवशी लोकांनी लांबच लांब रांगा लावल्या. मपेटना त्याच बागेत दुसरी जागा मिळाली: एरोस्मिथ बँडच्या नावाने चालणारा वेगवान रोलर कोस्टर त्यांच्या ‘इलेक्ट्रिक मेहेम’ या वाद्यवृंदाकडे देण्याचं ठरलं. हेन्सनने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाच्या बदल्यात काही सेकंदांत सुसाट सुटणारी गाडी, हा सौदा किती बरोबरीचा यावर चाहते अजून भांडतात.

२००४ चे दोन्ही तट आजही आहेत, फक्त हिशेबाला आता वीस वर्षांचा पुरावा आहे. डिस्नेच्या बाजूने बोलणारे सांगतात, की ईएम.टीव्हीसारख्या कंपनीच्या हाती ही पात्रं राहती तर एव्हाना तुकड्यातुकड्यांनी विकली गेली असती. निदान १२० पैकी ११८ भाग आज एका जागी सापडतात आणि ‘द मपेट शो’च्या पन्नाशीसाठी गायिका सब्रीना कार्पेंटरसह नवा खास भाग डिस्नेनेच हाती घेतला. विरोधी बाजू विचारते, की २०२३ ची इलेक्ट्रिक मेहेमवरची मालिका एका पर्वात बंद का केली आणि दर काही वर्षांनी नवा बेत, नवा सूर, मग पुन्हा सामसूम, असं किती दिवस चालणार? दरम्यान, ‘मपेट शो’च्या पहिल्या फळीतला डेव्ह गोल्झ, जन्म १९४६, अजूनही गॉन्झो चालवतो. त्याच्यानंतर ती बाहुली कुणाकडे जाईल ते ठरवण्याचा अधिकार साडेसात कोटींत डिस्नेकडे आला, आणि त्या निवडीची पहिली परीक्षा चाहते घेतील.